ऑटोमॅटिक गाडी गिअर कधी बदलते? तिचा हिशोब ओळखा आणि घाटात वापरा

ऑटोमॅटिक गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यातली तक्रार बहुतेकांची सारखीच असते. सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालणारी गाडी घाट लागला की तिसरा-चौथा-तिसरा असले चाळे सुरू करते. ओव्हरटेकला पाय दाबला तर आधी इंजिन ओरडतं आणि गाडी मग निघते. उतारावर ब्रेक तापत असतात, गाडी मात्र वरच्या गिअरमध्ये निवांत. ‘हिच्या कॉम्प्युटरला काही कळत नाही’ म्हणून बरेच जण विषय तिथेच सोडतात.

त्याला कळतं, पण फार थोडं. पुढचं वळण, समोरचा ट्रक, संपत आलेला चढ यातलं काहीच त्याला दिसत नाही. त्याच्यासमोर मुख्यतः दोन आकडे असतात : तुमचा उजवा पाय किती दाबलेला आहे आणि गाडीचा वेग किती आहे. बाकीचे सेन्सर या दोन आकड्यांवर काढलेल्या उत्तरात दुरुस्त्या करतात. (रोल्स-रॉईसने २०१३ मध्ये ‘रेथ’ गाडीत जीपीएसवरून पुढचा रस्ता पाहून गिअर आधीच निवडणारी सोय दिली होती. आपल्यापैकी बहुतेकांच्या पार्किंगमध्ये ती गाडी नसते, त्यामुळे पुढे जाऊ.) दोनपैकी एक आकडा थेट तुमच्या पायातून जातो. म्हणून हा हिशोब समजून घेण्यात अर्थ आहे.

पायरी १ : आपल्या गाडीत कुठला ऑटोमॅटिक आहे ते बघा

‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली आपल्याकडे चार वेगळी यंत्रं विकली जातात. गाडीच्या पुस्तिकेत किंवा व्हेरिएंटच्या नावात उत्तर सापडतं.

एएमटी म्हणजे नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मात्र मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. भारतात २०१४ च्या मारुती सेलेरिओने हा प्रकार सामान्य ग्राहकापर्यंत आणला. गिअर बदलताना क्लच सुटतो, चाकांकडे जाणारी ताकद क्षणभर थांबते आणि डोकं पुढे झुकतं. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे.

टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, खराखुरा ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, आणि आत क्लचचे अनेक संच एकामागून एक धरतात-सोडतात.

डीसीटीत दोन क्लच असतात : एकाकडे १, ३, ५, ७ आणि दुसऱ्याकडे २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असताना कॉम्प्युटर पुढचा अंदाज बांधून चौथा आधीच लावून ठेवतो. अंदाज बरोबर आला तर बदल कळतही नाही. चुकला, म्हणजे चौथा तयार असताना तुम्ही अचानक दुसरा मागितला, तर गाडी क्षणभर घुटमळते.

सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात. तिथे ‘इतका पाय, इतका वेग, तर इंजिन किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेऱ्यांवर) ठेवू’ एवढाच प्रश्न सोडवला जातो. खाली लिहिलेलं बरंचसं तिलाही लागू आहे, फक्त ‘गिअर’च्या जागी ‘आरपीएम’ वाचा.

पायरी २ : शिफ्ट मॅप म्हणजे काय

गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला टीसीयू म्हणतात. त्याच्या मेमरीत एक आलेख साठवलेला असतो. आडव्या अक्षावर वेग, उभ्या अक्षावर ॲक्सिलरेटर किती टक्के दाबलेला. त्यावर तिरप्या रेषा : पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी वर जाण्याची प्रत्येकी एक आणि खाली येण्याची प्रत्येकी एक. तुम्ही गाडी चालवत असताना एक ठिपका या आलेखावर फिरत असतो. तो रेषा ओलांडतो तेव्हा गिअर बदलतो.

नमुन्यादाखल आकडे घेऊ. पाय १५ टक्के असेल तर दुसऱ्यातून तिसरा ताशी २५ किलोमीटरला पडेल. ४० टक्के असेल तर ४० ला, आणि ८० टक्के असेल तर थेट ७० ला. पाय हलका म्हणजे ‘घाई नाही, पेट्रोल वाचव’, पाय जड म्हणजे ‘ताकद हवी, इंजिन वर जाऊ दे’, असा टीसीयूचा अर्थ. खरे आकडे गाडीगणिक बदलतात, रेषांचा उतार मात्र सगळीकडे असाच.

खाली येण्याच्या रेषा वर जाण्याच्या रेषांपासून मुद्दाम लांब ठेवतात. वरच्या उदाहरणात १५ टक्के पायाला २५ वर तिसरा पडला, तर परत दुसरा पडायला वेग १७-१८ पर्यंत खाली यावा लागेल. गच्चीवरच्या टाकीचा ऑटोमॅटिक पंप जसा टाकी भरल्यावर बंद होतो आणि पाणी चांगलं खाली गेल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही, तसंच हे. हे अंतर नसतं तर २५ च्या आसपास गाडी दर दोन सेकंदांनी गिअर बदलत बसली असती.

कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी हेच काम तेलाच्या दाबाने व्हायचं. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये आणलेल्या हायड्रा-मॅटिकमध्ये वेगाबरोबर वाढणारा एक दाब आणि ॲक्सिलरेटरबरोबर वाढणारा दुसरा दाब एकाच व्हॉल्व्हच्या दोन टोकांना ढकलत. वेगाचा दाब जिंकला की वरचा गिअर. आजचा टीसीयू हीच रस्सीखेच आकड्यांत करतो.

पायरी ३ : आपल्या गाडीचा मॅप स्वतः काढा

या लेखातली सगळ्यात उपयोगी पायरी ही. डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगजवळ ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचण्याचं सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर ऑनलाइन सहज मिळतो, आणि मोबाइलवर ते आकडे दाखवणारी ॲपही. तीनच आकडे मागवा : वेग, आरपीएम आणि ॲक्सिलरेटर पेडलची टक्केवारी. स्वस्त अडॅप्टरकडे एकदम दहा गोष्टी मागितल्या की सगळंच उशिरा येतं आणि गिअर बदलल्याचा क्षण निसटतो. पेट्रोल गाडीत थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा आकडाही दिसेल, पण तो न घेता पेडलचा घ्या. हल्ली पेडल आणि थ्रॉटल थेट केबलने जोडलेले नसतात. पेडल ही तुमची मागणी, थ्रॉटल किती उघडायचा हे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो.

मोकळा, सपाट रस्ता निवडा. आकडे शेजारी बसलेल्याने बघायचे किंवा ॲपमध्ये रेकॉर्ड करायचे. चालवणाऱ्याने मोबाइलकडे अजिबात बघायचं नाही. इंजिन गरम झाल्यावर उभ्या गाडीतून पेडल साधारण २० टक्क्यांवर स्थिर धरून वेग वाढू द्या आणि प्रत्येक बदल कुठल्या वेगाला होतो ते टिपा. मग ३० टक्के, मग ४५. मग वरच्या गिअरमध्ये पाय काढून वेग आपोआप कमी होऊ द्या आणि खालचे गिअर कधी पडतात ते टिपा. चौकटीच्या वहीच्या एका पानावर सगळे ठिपके मावतात.

डॅशबोर्डवर गिअर दिसत नसेल तर आरपीएमला वेगाने भागा. प्रत्येक गिअरमध्ये हा भागाकार जवळजवळ स्थिर असतो. ताशी ६० ला १५०० आरपीएम म्हणजे २५. तोच आकडा एकदम ३३ झाला की खालचा गिअर पडला असं समजा.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इथे एक गंमत दिसते. सहा गिअरच्या गाडीत पाचच बदल असायला हवेत, पण सहावाही मोजला जातो! वेग तोच, पाय तोच, आणि आरपीएम शंभर-दोनशेने खाली बसतं. तो गिअर नव्हे, लॉक-अप क्लच. कन्व्हर्टरमध्ये तेल थोडं घसरतं आणि ताकद वाया जाते, म्हणून वेग स्थिरावला की टीसीयू तो भाग क्लचने घट्ट जोडून टाकतो. सकाळी पहिल्या काही किलोमीटरमध्ये हा बदल दिसणार नाही, कारण तेल थंड असताना लॉक-अप सहसा लावत नाहीत.

पायरी ४ : मॅपमध्ये कोण कोण ढवळाढवळ करतं

कालचे ठिपके आणि आजचे ठिपके जुळले नाहीत तर घाबरू नका. एकच मॅप कुठल्याच आधुनिक गाडीत नसतो. इको आणि स्पोर्ट हे मुळात वेगळे मॅप आहेत. तेल थंड असेल तर गिअर उशिरा बदलतात. तेल फार तापलं तर टीसीयू ते थंड कसं होईल याला आधी महत्त्व देतो.

चढ ओळखायची युक्ती साधी आहे. इंजिन किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतंय हे टीसीयूला इंजिनच्या कॉम्प्युटरकडून कळतं. एवढ्या टॉर्कला सपाटीवर गाडीने किती वेग घ्यायला हवा होता, हेही त्याला ठाऊक असतं. प्रत्यक्षात वेग कमी वाढतोय म्हणजे चढ आहे, किंवा गाडीत सात माणसं आणि टपावर सामान आहे. दोन्हींतला फरक त्याला सांगता येईलच असं नाही, पण उपाय एकच : खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवणं. पाय काढलेला असूनही वेग वाढतोय, म्हणजे उतार. ब्रेकचा स्विच चालू आणि वेग अपेक्षेइतका उतरत नाही, म्हणजे मोठा उतार. अशा वेळी बऱ्याच टॉर्क कन्व्हर्टर गाड्या स्वतःहून एक गिअर खाली येतात. स्वस्त एएमटीकडून हे शहाणपण धरून चालू नका.

पाय किती दाबला याइतकंच तो किती झटक्याने दाबला किंवा काढला हेही मोजलं जातं. झटकन पाय उचलला तर ‘समोर काहीतरी आलंय’ असा अर्थ घेऊन अनेक गाड्या वरचा गिअर टाकायचं थांबवतात. सावकाश उचलला तर ‘वेग झाला, आता आरामात’ असा अर्थ घेऊन वरचा गिअर टाकतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी गाडी बरीच तुमचं ऐकायला लागेल.

पायरी ५ : बदलाच्या अर्ध्या सेकंदात काय होतं

जवळून पाहण्यासाठी झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ८एचपी घेऊ. तो २००९ पासून बीएमडब्ल्यूच्या मोटारींत आला, पुढे इतर अनेक कंपन्यांनीही घेतला. त्याच्या मूळ आवृत्तीत दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर (गिअरबॉक्सबाहेर एक फेरी निघायला आत किती फेऱ्या लागतात तो आकडा) ३.१३ आणि तिसऱ्याचं २.१०. दुसऱ्यात ३००० आरपीएमवर असताना तिसरा पडला, तर वेग तोच राहून इंजिनला सुमारे २०१५ वर यावं लागतं. म्हणजे गिअर बदलणं हे मुळात जवळपास हजार आरपीएम झटकन गिळण्याचं काम आहे. सातव्यातून आठव्यात, ०.८४ वरून ०.६७ वर जाताना, २००० चे फक्त १५९० च्या आसपास होतात. म्हणून हायवेवरचे बदल कळत नाहीत आणि खालच्या गिअरचे जाणवतात.

निर्णय झाल्यावर टीसीयू आधी नव्या क्लचमध्ये तेल भरून त्याच्या प्लेटा जेमतेम टेकवतो. मग जुन्या क्लचचा दाब सोडत नव्याचा वाढवतो. त्याच क्षणी इंजिनला ‘जरा ताकद कमी कर’ असा निरोप जातो. पेट्रोल इंजिन ठिणगी थोडी उशिरा टाकून हे चटकन करतं. या सगळ्यात टीसीयूची नजर गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या शाफ्टच्या वेगावर असते : ठरल्या वेळात तो नव्या आकड्यावर उतरला का?

जुना क्लच आधी सुटला आणि नवा उशिरा धरला, तर मध्ये इंजिन मोकळं होऊन आरपीएम वर उसळतं. दोन्ही एकदम धरले तर धक्का बसतो. दरवेळचा फरक टीसीयू मेमरीत लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी दाब तेवढा बदलतो. प्लेटा झिजत जातात तसं हे शिकणं चालूच राहतं.

‘गाडी मालकाची सवय शिकते’ हे जे म्हणतात त्यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. तुमच्या पायाच्या अलीकडच्या हालचालींवरून मॅप थोडा इकडे-तिकडे सरकवणं ही एक, आणि ती तात्पुरती असते. क्लचच्या झिजेचा हिशोब ही दुसरी, टिकणारी. बॅटरीची वायर काढून ‘गाडी रिसेट’ करणारे भेटतात, पण बऱ्याच नव्या गाड्यांत क्लचची शिकलेली माहिती त्याने पुसली जात नाही. त्यासाठी स्कॅनर लागतो, आणि पुसल्यावर पुन्हा शिकवण्याची कंपनीची ठरलेली पद्धत असते.

पायरी ६ : घाटात

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागला आणि तुम्ही एका ट्रकमागे ताशी ४५ ने आहात असं समजा. चौथ्यात ४५ टिकवायला पाय ६५ टक्के लागतोय, आणि चौथ्यातून तिसऱ्याची रेषा ६० टक्क्यांवर आहे. तिसरा पडतो. आता जोर जास्त, गाडी ५० कडे निघते, ट्रक जवळ येतो, तुम्ही पाय ३० टक्क्यांवर आणता. ठिपका वर जाण्याची रेषा ओलांडतो, चौथा पडतो. पुन्हा जोर कमी. ही पिंगपाँग गाडीमुळे जेवढी, तेवढीच तुमच्या पायामुळे चाललेली असते.

उपाय दोन. पुढच्या वाहनापासून अंतर वाढवा म्हणजे पाय एका जागी धरता येईल आणि वेग पाच-सातने कमीजास्त झाला तरी चालेल. नाहीतर सरळ मॅन्युअल मोडमध्ये तिसरा लावून ठेवा. माझं मत विचाराल तर लांब चढावर दुसरा उपाय उत्तम. ‘ऑटोमॅटिक घेऊन पुन्हा गिअर काय टाकायचे’ हा मानापमान घाटात परवडत नाही.

ओव्हरटेकला सगळ्यात मोठी चूक म्हणजे लेन बदलता बदलता पाय पूर्ण दाबणं. पाय दाबला, टीसीयूने दोन गिअर खाली यायचं ठरवलं, क्लच सुटले-धरले, आणि मग जोर आला. एएमटीत यात सेकंदभर सहज जातो. तेव्हा रस्ता मोकळा दिसला की आपल्या लेनमध्ये असतानाच मॅन्युअलमध्ये खालचा गिअर घ्या, जोर आल्याची खात्री करा, मग बाहेर पडा.

उतारावर, म्हणजे महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना, डी मोडवर विसंबू नका. ब्रेक न लावता काही सेकंद वेग स्थिर राहील तो गिअर योग्य. मॅन्युअल मोड नसेल तर एल, एस, बी यांपैकी जे अक्षर असेल ते वापरा. आधी ब्रेकने वेग कमी करायचा, नंतर गिअर उतरवायचा. कारण वेग जास्त असताना खालचा गिअर मागितला आणि त्यामुळे इंजिन लाल रेषेपलीकडे जाणार असेल, तर टीसीयू सरळ नकार देतो. काही गाड्या बीप वाजवतात, काही गप्प राहतात, आणि आपल्याला वाटतं गिअर पडला.

न्यूट्रलवर उतरून पेट्रोल वाचतं ही समजूत अजून गेलेली नाही. गिअरमध्ये असताना पाय काढला की आजची इंजिनं इंधन पूर्ण तोडतात, चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिन चालू ठेवायला उलट इंधन सोडावं लागतं. इंजिन ब्रेकिंग जातं ते वेगळंच.

पायरी ७ : ट्रॅफिकमध्ये

एएमटी आणि कोरड्या (तेलात न बुडालेल्या) क्लचच्या डीसीटीला इंचाइंचाने सरकणं मानवत नाही. प्रत्येक इंचाला क्लच अर्धवट घसरतो आणि तापतो. समोर एका गाडीएवढी जागा होऊ द्या, मग एकदम पुढे जा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं तर पूर्ण वर्ज्य. ब्रेक दाबा किंवा हँडब्रेक ओढा. एएमटीचा धक्का कमी करायचा असेल तर तुम्ही काढलेल्या मॅपमधल्या बदलाच्या वेगाशी पोचताना पाय किंचित सैल करा. टीसीयूला हवा असलेला इशारा मिळतो आणि वरचा गिअर अलगद पडतो.

पायरी ८ : निर्णय चुकीचे येऊ लागले तर

गिअरबॉक्स उघडण्याची भाषा कुणी केली तर आधी सोप्या गोष्टी तपासायला सांगा. बॅटरी कमकुवत असेल तर व्हॉल्व्ह आणि मोटरींना नीट वीज मिळत नाही. ब्रेकचा स्विच अडकला असेल तर टीसीयूला सतत ब्रेक लागल्याचं दिसतं, मग लॉक-अप लागत नाही आणि मायलेज पडतं. मागचे ब्रेक लाइट बघितले तरी बऱ्याचदा कळतं. मोठे टायर टाकले असतील तर चाकाचा घेर जितके टक्के वाढला तितके टक्के सगळे बदल खऱ्या वेगात उशिरा होणार. तो बिघाड नाही.

बदलताना आरपीएम उसळत असेल, किंवा डी टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करून धक्क्याने निघत असेल, तर तेलाची पातळी आणि अवस्था आधी बघायची. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचंच नसतं’ असं काउंटरवर ऐकायला मिळतं. ८एचपी बनवणारी झेडएफ स्वतः मात्र वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. तेल पुस्तिकेत लिहिलेल्याच ग्रेडचं हवं, कारण क्लचच्या दाबाचं सगळं गणित त्या तेलावर बसवलेलं असतं.

गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकली आणि दिवा लागला, तर तो लिम्प मोड. सेन्सरच्या आकड्यांवर भरवसा उरला नाही की टीसीयू स्वतःला आणि गिअरबॉक्सला वाचवण्यासाठी एक मधला गिअर धरून बसतो. बाजूला थांबा, गाडी बंद करून पुन्हा चालू करा. एवढ्याने सुरळीत झाली तरी बिघाडाचा कोड मेमरीत राहतो. कुणी तो पुसण्याआधी त्याच ओबीडी ॲपमध्ये वाचता येतो का बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्या. काही गाड्यांच्या गिअरबॉक्सचे कोड साध्या ॲपला दिसत नाहीत. तिथे सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरचा प्रिंटआउट मागा. सोबत तुमच्या वहीतलं मॅपचं पान असलं तर ‘कधी कधी झटका देते’ या तक्रारीपेक्षा ‘२० टक्के पेडलला, तेल गरम असताना, दुसऱ्यातून तिसऱ्यात’ ही तक्रार मेकॅनिकला कितीतरी जास्त उपयोगी पडते.